आधी उजेड, मग कॅमेरा

दिवाळीनंतर पाण्याखाली फोटो काढायला मालवणला जायचं ठरलं की ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरी हॉलमध्ये सतरंजी पसरून मी सगळं सामान एकदा मांडून बघतो. अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग, म्हणजे कॅमेरा आत ठेवायची जलरोधक पेटी, तिच्या तोंडावर बसणारा काचेचा घुमट, दोन स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचे फ्लॅश, ते धरणारे सांध्यासांध्यांचे आर्म, फायबरच्या वायरी, ग्रीसची बोटाएवढी ट्यूब. गेल्या वर्षी शेजारची मुलगी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "काका, यात कॅमेरा कुठाय?"

कॅमेरा हाउसिंगच्या आत होता. त्या पसाऱ्यात कॅमेऱ्याने अडवलेली जागा सगळ्यात कमी होती. तिला अंदमानला जायचं होतं आणि 'पाण्याखाली चालणारा चांगला कॅमेरा' हवा होता. फोर्टात बोरा बाजारात ती विचारून आली होती आणि बोलणं मेगापिक्सेलपासून सुरू झालं होतं. मी तिला म्हटलं, आधी या बाकीच्या वस्तू कुठून आल्या ते ऐक. त्यातली एकेक वस्तू कुणीतरी पाण्याशी झगडून मिळवली आहे. ते कळलं की काय आधी घ्यायचं आणि काय मागे ठेवायचं, हे आपोआप लक्षात येतं.

गोष्ट 1856 पासून सुरू होते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वेमथ इथे विल्यम थॉम्पसन नावाचा वकील राहायचा. समुद्रातल्या जीवांचा त्याला नाद होता. त्याने एका पेटीला काच लावली, आत कॅमेरा ठेवला आणि ती पेटी होडीतून साधारण साडेपाच मीटर खाली सोडली. शटरची झडप वरून दोरीने उघडली आणि काही मिनिटं तशीच उघडी ठेवली. पेटीत पाणी शिरलं. तरीही कॅमेऱ्यातली फोटो उमटायची काच वाचली आणि तिच्यावर तळाचं अंधूक चित्र उमटलं. पाण्याखालचा पहिला फोटो म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. म्हणजे ज्या दिवशी हा छंद जन्मला, त्याच दिवशी पहिलं हाउसिंगही गळलं.

पुढचं मोठं नाव लुई बूतां या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाचं. 1893 मध्ये बान्यूल्स-सूर-मेर इथल्या प्रयोगशाळेत काम करताना तो पाणबुड्याचा जड पोशाख घालून स्वतः खाली उतरला. कॅमेरा त्याच्या इंजिनिअर भावाने, ऑग्युस्तने, बनवून दिला होता. दर दहा मीटरला पाण्याचा दाब वरच्या हवेच्या दाबाएवढा वाढतो. तो दाब पेटी चेपतो आणि फटीफटीतून पाणी आत रेटतो. यावर या भावांनी पेटीला हवेने भरलेला रबरी फुगा जोडला. खाली जाताना फुगा दबायचा, त्यातली हवा पेटीत जायची आणि आतबाहेरचा दाब सारखा राहायचा. मला हा फुगा फार आवडतो. समोरच्या पाण्याशी ताकदीने भांडण्याऐवजी त्याने तडजोड केली होती.

पण बूतांचं खरं दुखणं उजेड हे होतं. एकेका फोटोला अर्धा अर्धा तास लागायचा आणि तेवढा वेळ मासा थांबत नाही. म्हणून त्याने लाकडी पिंपावर स्पिरिटचा दिवा बसवला, वर काचेची हंडी ठेवली आणि रबरी पंपाने मॅग्नेशियमची पूड ज्योतीवर उडवली. पाण्याखालच्या फ्लॅशची ही पणजी. 1899 मध्ये त्याने सहकारी एमिल राकोवित्झाचा पाण्याखाली फोटो काढला, तो आजही बघायला मिळतो.

रंग यायला आणखी एक पिढी गेली. 1926 मध्ये फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगासमध्ये डब्ल्यू. एच. लाँगली आणि नॅशनल जिऑग्राफिकचे चार्ल्स मार्टिन यांनी हॉगफिश जातीच्या माशाचा रंगीत फोटो घेतला. त्यासाठी पाण्यावर तराफा सोडून त्यावर मॅग्नेशियमच्या पुडीचा बार उडवावा लागत असे. एकदा तो बार अवेळी उडाला आणि लाँगली चांगलेच भाजले. एका माशाचा रंग बघण्यासाठी माणसाने एवढं सोसलं, हे मला दर वेळी स्ट्रोब चार्ज करताना आठवतं.

एवढ्या उजेडाची गरज का पडते? पाणी लाल रंग सगळ्यात आधी खातं. पाचेक मीटरांवर लाल मळकट तपकिरी दिसायला लागतो, मग नारिंगी जातो, मग पिवळा. शिवाय हे फक्त खोलीचं गणित नाही. उजेड वरून खाली येतो आणि मग माशावरून आपल्याकडे येतो, तो सगळा रस्ता मोजायचा. चार मीटर खोलीवरच्या माशाचा तीन मीटर लांबून फोटो काढला तर उजेडाने सात मीटर पाणी कापलेलं असतं. म्हणून दिवा स्वतःबरोबर न्यायचा आणि जवळ जायचं. हॅरॉल्ड एजर्टन यांनी एमआयटीत विकसित केलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅश 1950 च्या दशकात फ्रेंच समुद्रसंशोधक कुस्तो यांच्या मोहिमांबरोबर समुद्रात उतरला.

त्याच कुस्तोंच्या वर्तुळातून कॅमेऱ्यातली क्रांतीही आली. ज्याँ द वूतेर या बेल्जियन इंजिनिअरने असा कॅमेरा रचला ज्याला वेगळी पेटीच लागत नाही. कुस्तोंच्या जहाजावरून त्याचं नाव पडलं कॅलिप्सो. 1963 पासून निकॉनने तो 'निकोनॉस' म्हणून आणला. त्याचं अंगच जलरोधक होतं, सांध्यांमध्ये ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या, बसवलेल्या आणि बाहेरचा दाब वाढेल तशा त्या आणखी घट्ट बसायच्या. मात्र अंतर नजरेने ताडून लेन्सवर फिरवावं लागे, आणि रिळातले 36 फोटो संपले की वर यायचं. 1984 चा निकोनॉस पाच कित्येकांनी वर्षानुवर्षं वापरला. 1992 मध्ये ऑटोफोकसवाला निकोनॉस आरएस आला, पण तो फार महाग होता. 2001 मध्ये निकॉनने ही सगळी मालिकाच बंद केली.

तोवर डिजिटल आलं होतं. पाण्यात असतानाच फोटो बघता येऊ लागला, ही त्याची खरी देणगी. पूर्वी मालवणहून परत आल्यावर रीळ धुऊन मिळालं की चूक कळायची. आता दुसऱ्याच फोटोला कळते. पण डिजिटलबरोबर पेटीही परत आली. प्रत्येक मॉडेलची बटणं वेगळ्या जागी, म्हणून प्रत्येक मॉडेलचं हाउसिंग वेगळं. नवा कॅमेरा घेतला की जुनं हाउसिंग बहुधा निकामी होतं. स्ट्रोब, आर्म आणि हाउसिंगला बाहेरून लावायच्या लेन्स मात्र पुढच्या कॅमेऱ्यालाही चालतात. खरेदीचा क्रम ठरवताना मी हेच सगळ्यात आधी सांगतो.

काचेचा घुमटही असाच एका अडचणीतून आला. सपाट काचेतून पाण्यातली वस्तू एक तृतीयांशाने मोठी आणि पाव अंतराने जवळ दिसते, त्यामुळे रुंद दृश्य टिपणारी लेन्स अरुंद होते. घुमटाकार काच तो रुंदपणा परत देते. त्या बदल्यात फोटोचे कोपरे नरम पडतात, म्हणून लेन्सचं तोंड बारीक करून एफ/8 किंवा एफ/11 वर जावं लागतं, आणि मग पुन्हा उजेड कमी पडतो. बारीक जीव टिपायचे असतील तर मात्र सपाट काचच बरी, कारण तिथे तो मोठेपणा आपल्या कामाचा असतो.

आता आपल्याकडचं पाणी. ठाण्याला पाण्याची वानवा नाही, पण खाडीत हात बुडवला तर कोपराखालचं दिसत नाही, आणि फ्लेमिंगो जगतात ते त्याच गाळावर. म्हणून आम्ही सराव तरणतलावात करतो आणि रात्रीची कोकणकन्या पकडून कुडाळला उतरतो. मालवणचं पाणी हिरवट, आणि चांगल्या दिवशीही त्यात कण तरंगत असतात. अंदमानच्या निळ्या पाण्यासाठी असलेला लाल फिल्टर इथे फसतो, हिरव्यासाठी मजेंटा, म्हणजे गुलाबी-जांभळा, लागतो. स्ट्रोब लेन्सजवळ धरला तर तेच कण उजळतात आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. स्ट्रोब बाजूला लांब नेणारे आर्म त्यासाठीच असतात. मालवणात मी एक मीटरपेक्षा लांबचा फोटो सहसा घेतच नाही.

शेजारच्या मुलीला मी सांगितलं ते असं. पाण्यात न हलता तरंगता येत नाही तोवर अ‍ॅक्शन कॅमेरा पुरे. हात स्ट्रोबमध्ये अडकले की पाय प्रवाळावर पडतात, आणि ते प्रवाळ वाढायला कित्येक वर्षं गेलेली असतात. तरंगणं जमलं की ऑलिंपसच्या (आता ओएम सिस्टिमच्या) टीजी मालिकेसारखा छोटा कॅमेरा घ्यायचा. तो पेटीशिवाय 15 मीटरपर्यंत चालतो असं लिहिलेलं असतं, तरी हाउसिंग घ्यायचंच. त्याचा मायक्रोस्कोप मोड नखाएवढ्या जीवासाठी अप्रतिम आहे. त्यानंतरचे पैसे मोठ्या सेन्सरवर न घालता एका चांगल्या स्ट्रोबवर घालायचे. लेन्स बदलता येणारा मोठा मिररलेस कॅमेरा आणि घुमट सगळ्यात शेवटी.

आणि ओ-रिंग. चार वर्षांपूर्वी तरणतलावातच माझं हाउसिंग गळलं. खाली दीड मीटर पाणी होतं, फार तर. वर काढलं तर घुमटाच्या तळाशी चमचाभर पाणी हलत होतं आणि कॅमेऱ्याचा स्क्रीन काळा पडला होता. रिंग काढून भिंगाखाली धरली, तर तिच्यावर एक केस आडवा चिकटलेला. उथळ पाण्यात रिंग दाबून बसवायला पुरेसा दाबच नसतो, म्हणून अशी गळती बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन मीटरांतच होते. त्या रात्री घरी येऊन थॉम्पसनच्या पेटीबद्दल पुन्हा वाचलं.

तेव्हापासून निघायच्या आदल्या रात्री रिंग काढतो, बोटाच्या पेराने सगळीकडून चाचपतो, मुगाएवढं ग्रीस लावून परत बसवतो. मग हाउसिंगमध्ये कॅमेऱ्याऐवजी टिशू पेपरची घडी ठेवून ते बादलीत अर्धा तास बुडवून ठेवतो. या वर्षी ती मुलगी शेजारी बसून होती. अर्ध्या तासाने तिनेच पेटी पुसली, खटका उघडला आणि टिशू गालाला लावून बघितला. कोरडा होता.