फणसावरची कुऱ्हाड: ५० हजारांच्या दंडामागचा इतिहास

बेकायदा वृक्षतोडीचा दंड हजार रुपयांवरून ५० हजारांपर्यंत नेण्याचा निर्णय राज्य सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये घेतला, तेव्हा कोकणातून त्याला मोठा विरोध झाला. त्या वादात फणसही आहे.

सह्याद्रीच्या सदाहरित रानातलं हे झाड परसात कधी आलं, ते सांगणं कठीण. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या पोर्तुगीज ग्रंथात त्याचं वर्णन सापडतं. पिवळ्याधमक, वाळवीला सहसा न जुमानणाऱ्या लाकडामुळे दारं, पाट, देव्हारे यांसाठी त्याला कायम मागणी राहिली.

खरा गुंता स्वातंत्र्यानंतरचा. १९४९ च्या कायद्याने खोती, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोतांची वतनदारी गेली, पण कोकणातली रानं बहुतांशी खाजगीच राहिली. ज्यातला दंड वाढवायचं ठरलं, त्या १९६४ च्या कायद्याने खाजगी जमिनीतल्या ठरावीक झाडांच्या तोडीला परवानगी लागू केली. त्या यादीत साग, खैर, ऐन, किंजळ यांच्याबरोबर आंबा, जांभूळ आणि फणसही आहे. पुढे १९७५ मध्ये खाजगी वनं ताब्यात घेण्याचा कायदा आला आणि झाडं राखली तर जमीन जाईल ही धास्ती गावागावांत बसली.

५० हजारांचा आकडा याच धास्तीवर येऊन पडला. सातबाऱ्यावर मुंबईकर भाऊबंदांची डझनभर नावं असताना एका झाडाच्या परवानगीसाठी सगळ्यांची संमती कुठून आणायची, हा शेतकऱ्याचा प्रश्न रास्तच आहे. पण हजार रुपये दंड म्हणजे लाकूड व्यापाऱ्याला किरकोळ खर्च होता, हेही तितकंच खरं. दंड वाढायलाच हवा होता. तो घरापुरतं लाकूड तोडणाऱ्याला आणि ट्रक भरणाऱ्याला सारखाच लावणं मात्र चूक.

शिवाय फणसाचं नुकसान दंडाने भरून येत नाही. आपल्याकडचे बहुतेक फणस आठळीपासून उगवलेले. घट्ट गऱ्याचा कापा असो वा मऊ गऱ्याचा बरका, प्रत्येक झाडाचा गरा वेगळा. एक झाड तोडलं की ती चव गेली, बदल्यात लावलेलं रोप ती परत देत नाही. ती टिकते फक्त कलमाने. तरी कोकणात उभ्या झाडाला भाव त्याच्या बुंध्याचाच, गरे झाडाखाली कुजतात.

केरळने २०१८ मध्ये फणसाला राज्यफळ केलं. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या तांबड्या गऱ्याच्या फणसाची कलमं संशोधन केंद्रामार्फत विकली गेली आणि उत्पन्नाचा ७५ टक्के वाटा झाडाच्या मालकाला देण्याचं ठरलं.