आजोबांची जन्मतारीख प्रत्येक कागदावर वेगळी निघाली तर

वंशावळीच्या कामासाठी आमच्याकडे येणारी मंडळी बहुधा जुन्या कागदांचं गाठोडं घेऊन येतात, आणि त्यातल्या निदान दोन कागदांचं एकमेकांशी पटत नसतं. मग पहिला प्रश्न येतो, "यातला खरा कोणता?" आम्ही तो प्रश्न थोडा बाजूला ठेवतो. आधी प्रत्येक कागदाबद्दल विचारतो : ही माहिती कोणी सांगितली, केव्हा सांगितली आणि कशासाठी?

समजा, आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून १९२३ ही तारीख आहे. त्यांच्या आईच्या माहेरगावच्या गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या रजिस्टरात, १२ नोव्हेंबर १९२१ ला जन्म आहे, पण बाळाचं नाव नाही, नुसतं 'मुलगा'. पत्रिकेत शके १८४३, कार्तिक शुद्ध, शुक्रवार.

१ जून दिसला की आम्ही सावध होतो. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या. डोक्यावरून हात घेऊन मुलाला पलीकडचा कान धरता आला की मास्तर नाव घालून घ्यायचे आणि वय अंदाजाने लिहायचे. त्यामुळे ती तारीख मुलाला शाळेत घातल्याचा पुरावा धरावा, जन्माचा नव्हे. उरला एक दिवसाचा फरक, कारण १२ नोव्हेंबर १९२१ ला शनिवार होता. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, सरकारी तारीख मध्यरात्री. बाळ पहाटे दोनला जन्मलं असेल, तर रजिस्टरातला शनिवारही बरोबर आणि पत्रिकेतला शुक्रवारही. पत्रिकेत सूर्योदयापासूनच्या घटका (एक घटका म्हणजे २४ मिनिटं) दिलेल्या असतात. तिथे ४८ च्या पुढचा आकडा सापडला की गाठ सुटते. म्हणून पत्रिका फाटकी असली, मोडीत असली, तरी कृपा करून टाकू नका.

शकाचा इसवी सन काढताना ७८ मिळवतात, पण वर्ष चैत्रात सुरू होतं हे विसरलं जातं. माघ शके १८४० म्हणजे १९१८ नव्हे, फेब्रुवारी १९१९. 'पणजोबा मानमोडीत गेले' असं घरात सांगतात आणि ती इन्फ्लुएन्झाची साथ मुंबई इलाख्यात १९१८ च्या ऑक्टोबरात सर्वांत भयंकर होती. अशा वेळी हे एक वर्ष सगळी कहाणी बदलतं. मराठवाड्यातल्या निजामी कागदांत फसली सन, म्हणजे महसुली वर्ष, असतो. तो ऑक्टोबरात, आजूर महिन्यात, सुरू होतो. फसली १३५५ म्हणजे ऑक्टोबर १९४५ ते ऑक्टोबर १९४६. हरिद्वारच्या पंड्यांच्या वहीत विक्रम संवत आणि पौर्णिमेला संपणारे महिने. तिथला फाल्गुन वद्य आपल्याकडचा माघ वद्य असतो. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत ही अडचण येत नाही. शिवाय यात्रेकरूने स्वतः भाऊ-मुलांची नावं सांगितलेली असतात, म्हणून ती वही आम्हाला फार मोलाची वाटते.

आता ज्या चुकीचा आम्हाला सर्वांत धाक वाटतो ती. पूर्वी एक मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवत. त्यामुळे एकाच आईबापांच्या पोटी त्याच नावाच्या दोन नोंदी निघतात, आणि वंशावळ करणारा त्यांना एकच माणूस समजून एक तारीख खोडून टाकतो. त्याबरोबर दोन-तीन वर्षं जगलेलं एक लेकरू घराण्यातून कायमचं पुसलं जातं. आमची विनंती आहे की 'दुबार नोंद' म्हणण्याआधी मृत्यूच्या रजिस्टरातही पाहू द्या. घरात दगडू, धोंडू, केरू अशी नावं असतील तर जरूर सांगा. आधीची मुलं दगावल्यावर, हे तरी वाचावं म्हणून अशी नावं ठेवत. तिथे आम्ही आधीच्या दहा वर्षांची पानं उलटतो.

मृत्यूच्या बाबतीत घरची आठवण तिथीची असते आणि ती बरेचदा पक्की असते. पण आजीचं श्राद्ध पितृपक्षात नवमीला होतं, म्हणून ती नवमीला गेली असं धरू नका. नवऱ्याच्या आधी गेलेल्या स्त्रीचं श्राद्ध अविधवा नवमीला करतात, मृत्यूतिथी कुठलीही असो. मात्र त्यातून आजी आजोबांच्या आधी गेली हे कळतं, आणि आजोबांच्या वारस नोंदीत तिचं नाव असेल तर तिथे मोठा पेच उभा राहतो. वारसाच्या फेरफारात मृत्यूची तारीख असते, पण फेरफार कित्येकदा माणूस जाऊन बऱ्याच वर्षांनी, वाटणीच्या वेळी होतो. तिथली तारीख तोंडी सांगितलेली. नोंद मरण पावल्या ठिकाणी होते, हेही लक्षात ठेवा. गिरणीत नोकरी करणारे आजोबा मुंबईत गेले असतील, तर गावच्या रजिस्टरात ते सापडणार नाहीत.

जुन्या नोंदीत अधिकृत दुरुस्ती हवी असेल तर जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ प्रमाणे निबंधकाकडे जावं लागतं. मूळ नोंद खोडली जात नाही, दुरुस्ती समासात लिहितात. अर्जाला लागणाऱ्या पुराव्यांची जुळणी आम्ही करून देऊ. कुणबी नोंदींच्या शोधापासून गाव नमुना १४ घरोघर माहीत झाला आहे, आणि 'एवढी तारीख जुळवून द्या' अशी मागणीही येते. ते आम्ही करत नाही. कागद जे सांगतो तेच आमच्या अहवालात येतं. निकाल लागत नसेल तिथे दोन्ही तारखा, त्यांचा उगम आणि आमचा कल, तिन्ही लिहून देतो.

पहिल्या भेटीला येताना मूळ कागद नको, मोबाइलवर काढलेले स्पष्ट फोटो पुरेत. दाखल्याची मागची बाजू आणि रजिस्टरच्या पानाचा समासही फोटोत येऊ द्या. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईंना, आत्या असोत की मोठ्या काकू, शक्य असेल तर सोबत आणा. कोण कोणाच्या लग्नात कडेवर होतं हे त्यांनाच ठाऊक असतं, आणि त्यावरून आम्ही अनेकदा साल पकडलं आहे.