जनसुनावणी (पर्यावरणीय)

जनसुनावणी : मोठ्या प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी देण्यापूर्वी प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या निकट स्थानिक लोकांच्या हरकती, शंका व सूचना जाहीरपणे ऐकून घेण्याची वैधानिक प्रक्रिया. भारतात ती १९९७ मध्ये बंधनकारक झाली. सध्याची कार्यपद्धती मुख्यत्वे केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेवर आधारलेली आहे.

सुनावणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ घडवून आणते आणि जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याहून खालच्या दर्जाचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतो. किमान तीस दिवस आधी एका राष्ट्रीय व एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात सूचना द्यावी लागते. जेथे वृत्तपत्र पोहोचत नाही तेथे दवंडी पिटण्याची तरतूदही अधिसूचनेत आहे. प्रकल्पाचे पर्यावरणावर होणारे परिणाम मांडणाऱ्या आघात मूल्यांकन अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करून देणे बंधनकारक असले, तरी शेकडो पानांचा मूळ मसुदा बहुधा इंग्रजीतच असतो आणि खारे पाणी, राख, मासळी यांविषयी लोकांना पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे नेमकी त्याच पानांत असतात. कामकाजाचे चित्रीकरण होते, इतिवृत्त शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवले जाते आणि उपस्थित झालेल्या मुद्द्यांची दखल घेऊन प्रवर्तकाने (प्रकल्प उभारू पाहणाऱ्या कंपनीने किंवा संस्थेने) अंतिम अहवालात सुधारणा करणे अपेक्षित असते. गणसंख्येची अट नाही. मतदानही होत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची सुनावणी मे २०१० मध्ये झाली. मराठी अहवाल अभ्यासाला पुरेल इतका आधी मिळाला नाही, ही तेथील गावकऱ्यांची प्रमुख तक्रार होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रकल्पाला सशर्त मंजुरी मिळाली. ज्यांना आदल्या आठवड्यात कागद हाती पडतो, त्यांच्या भाषणांत तपशिलापेक्षा संताप अधिक उतरतो, आणि संतापाला ‘मुद्दा’ म्हणून उत्तर देणे प्रवर्तकाला सोपे जाते.

अधिसूचित औद्योगिक वसाहतींतील काही उद्योग, सिंचन प्रकल्पांचे आधुनिकीकरण, संरक्षणविषयक प्रकल्प इत्यादींना यातून सूट आहे.

वनहक्क कायद्याखालील ग्रामसभेची प्रक्रिया यापेक्षा निराळी आहे. ओडिशातील नियमगिरी येथे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयानंतर बारा ग्रामसभा भरल्या, बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला आणि जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने वन मंजुरी नाकारली. जनसुनावणीतील हरकतीला असे बंधन घालण्याचे बळ नाही. ती इतिवृत्तात राहते आणि मंजुरीबाबत शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ समितीपुढे जाते.