शार्कचा पिंजरा आणि रिसर्च, हे जुळलं कसं

नाशिकमध्ये 'पिंजरा लावला' म्हटलं की निफाड नाहीतर दिंडोरीकडचा ऊस आणि बिबट्या, एवढंच डोक्यात येतं. त्यामुळे साउथ आफ्रिका टूरच्या प्रोग्राममध्ये 'शार्क केज डायव्हिंग, रिसर्चला मदत' असं काही वाचलं की पहिला प्रश्न हाच पडतो, की पिंजऱ्यात बसणार आपण, मग त्यात रिसर्च कसला? तर रिसर्च होतो, पण पिंजरा त्यासाठी बनलाच नव्हता.

समुद्रात पिंजरा सोडायची आयडिया तशी जुनी, समुद्राखाली फिल्म काढणाऱ्या फ्रान्सच्या जाक कुस्तोच्या टीमने १९५० च्या दशकातच शूटिंगला तो वापरला होता. पण आज जे चालतं त्याचं मूळ साउथ ऑस्ट्रेलियात. ८ डिसेंबर १९६३, अल्डिंगा बीच, पाण्याखाली भाल्याने मासे मारायची स्पर्धा चालू आणि रॉडनी फॉक्स नावाच्या स्पर्धकाला ग्रेट व्हाइट जातीच्या मोठ्या शार्कने छातीपाशी धरलं, फासळ्या मोडल्या, फुफ्फुस उघडं पडलं, टाके साडेचारशेच्या वर. दुसरा कोणी असता तर परत बीचवर पाय ठेवला नसता, हा बाबा मात्र बरा होऊन पुन्हा पाण्यात उतरला, आणि झूमध्ये सिंह बघताना त्याला सुचलं की इथे सिंह आत आणि माणसं बाहेर, समुद्रात हेच उलटं करू. दोनेक वर्षांत पिंजरा तयार करून मोहीम निघाली सुद्धा. सुरुवातीला कामं मिळाली ती फिल्मवाल्यांची. १९७५ च्या 'जॉज'मधले खऱ्या शार्कचे शॉट्स तिकडचेच, रॉन आणि व्हॅलेरी टेलर या जोडप्याने घेतलेले, आणि शार्क मोठा दिसावा म्हणून लहान पिंजऱ्यात बुटका स्टंटमॅन बसवायची युक्ती केली होती. त्या पिक्चरने जगभर शार्कची एवढी दहशत बसवली की लोक ट्रॉफी म्हणून शार्क मारत सुटले.

मग १९९१ मध्ये साउथ आफ्रिकेने ग्रेट व्हाइटला कायद्याने संरक्षण दिलं, असं करणारा तो पहिला देश. मारायचा नाही म्हटल्यावर दाखवून पैसे कमवायचे, आणि केपटाऊनपासून दोनेक तासांवरचं गान्सबाय हे मासेमारीचं गाव शार्क टुरिझमचं गाव झालं. पद्धत साधी आहे, पाण्यात माशांचं तेल आणि चुरा टाकायचा, दोरीला आमिष बांधायचं, बोटीच्या कडेला पिंजरा लटकवायचा, आत पाचसहा जण वेटसूट घालून, बहुतेक ठिकाणी पाठीवर हवेची टाकी वगैरे काही नाही, शार्क आला की श्वास रोखून डोकं खाली.

आता रिसर्च. संशोधकाला स्वतःची बोट रोज समुद्रात नेणं परवडत नाही, डिझेलच केवढ्याचं. टुरिस्टची बोट हवामान बरं असेल तर रोज जाते, त्याच जागी, वर्षानुवर्षं. तिच्यावर कोणी नोंदी ठेवल्या, पाठीवरच्या पंखाचे फोटो काढले, तर आयता डेटा. त्या पंखाच्या मागच्या कडेच्या खाचा प्रत्येक शार्कच्या वेगळ्या असतात, बिबट्या जसे कॅमेरा ट्रॅपमध्ये ठिपक्यांवरून ओळखतात तसंच. नोव्हेंबर २००३ मध्ये निकोल नावाच्या मादीला साउथ आफ्रिकेत सॅटेलाइट टॅग (प्रवासाची माहिती उपग्रहाकडे पाठवणारं छोटं यंत्र) लावला, ९९ दिवसांत ती सुमारे ११ हजार किमी पोहून ऑस्ट्रेलियाजवळ पोचली, तिथे टॅग सुटला आणि गोष्ट संपली असं वाटलं. ऑगस्ट २००४ मध्ये ती परत गान्सबायला दिसली, ओळखली ती पंखाच्या फोटोवरून! टॅगने अर्धीच गोष्ट सांगितली होती.

पण एक गोची आहे आणि ती ब्रोशरमध्ये नसते. आमिष टाकून बोलावलेला शार्क नॉर्मल वागतोय का? साउथ ऑस्ट्रेलियात नेपच्यून बेटांपाशी २००७ नंतर बोटींचे दिवस वाढले तसे शार्क तिथे जास्त रेंगाळायला लागले, हे तिथल्याच संशोधकांनी दाखवलं आणि मग सरकारने आमिषाच्या दिवसांवर मर्यादा घातली. (तिथली एक बोट आमिषाऐवजी पाण्याखाली रॉक म्युझिक वाजवते, खरंच.) मेक्सिकोने तर २०२३ मध्ये ग्वादालूपे बेटावर हा प्रकार बंदच केला.

तरी नोंदींची किंमत गान्सबायलाच कळली. २०१७ मध्ये तिथे यकृत गायब झालेले मेलेले ग्रेट व्हाइट किनाऱ्याला लागले, काम ऑर्का व्हेलच्या जोडीचं. त्यानंतर शार्क आठवडे, महिने गायब व्हायला लागले, आणि हे ठामपणे मांडता आलं कारण बोटींच्या आणि टॅगच्या अनेक वर्षांच्या नोंदी हाताशी होत्या. म्हणून सध्या तिकडे जाणाऱ्याला ग्रेट व्हाइटऐवजी ब्राँझ व्हेलर ही शार्कची दुसरीच जात दिसायची शक्यता जास्त, बुकिंगआधी विचारून घ्या.

आपल्याकडे शार्कचा डेटा मुख्यतः बंदरावर येतो, म्हणजे जाळ्यात मेलेल्या मुशीचा. जिवंत नोंदी होतात त्या व्हेल शार्कच्या. २००१ पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे, गुजरातमध्ये जाळं कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमारांना भरपाई मिळते, महाराष्ट्रातही २०१८ पासून २५ हजारांपर्यंत मिळते, आणि सोडताना काढलेले फोटो-व्हिडिओ हाच पुरावा धरतात.