‘प्रथम भाषा’ म्हणजे कोणती? सीमाभागातल्या साहित्यशिक्षणाची पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी मुलं इंग्रजी भाषा आणि इंग्रजी साहित्य अशा दोन वेगळ्या विषयांची परीक्षा देतात. फिनलंडमध्ये विषयाचं नावच ‘मातृभाषा आणि साहित्य’ आहे. तिथे स्वीडिश बोलणारे लोक जेमतेम 5 टक्के. त्यांची मुलं हा विषय स्वीडिशमधून शिकतात आणि फिनिश वेगळी शिकतात. कविता कुठल्या भाषेतून खोलात शिकायची, हा प्रश्न तिथे घरच्या भाषेने सुटतो.

कर्नाटकातल्या मराठीभाषक सीमाभागात, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणीत, तो ‘प्रथम भाषा’ या दोन शब्दांत अडकला. प्रथम म्हणजे मूल आधी बोललं ती, की राज्यात पहिला मान असलेली? 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतरची बरीच वर्षं हा घोळ कागदावर फारसा बोचला नाही. मग 1981 मध्ये एका समितीने माध्यमिक शाळेत कन्नड हीच एकमेव प्रथम भाषा असावी, अशी शिफारस केली. अध्यक्ष स्वतः मोठे कन्नड कवी, पुढे ज्ञानपीठ मिळालेले. ती अमलात यावी म्हणून राज्यभर आंदोलन पेटलं आणि 1982 मध्ये तसा आदेश निघाला. कन्नडला तिच्या राज्यात मान हवा, ही मागणी रास्तच होती. पण तो मान देताना मराठी, उर्दू, तमिळ घरांतल्या मुलांची भाषा खालच्या पायरीवर गेली, आणि तिच्यासोबत तिचं साहित्यही. जून 1986 मध्ये कन्नडसक्तीविरुद्ध इथली माणसं रस्त्यावर उतरली, गोळीबारात काही गेली. बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी 1 जूनला लोक अजून जमतात. 1989 मध्ये उच्च न्यायालयाने एकमेव प्रथम भाषेची अट रद्द केली. त्यानंतरच्या सुधारित आदेशात प्रथम भाषांच्या यादीत मराठी आली, आणि 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश उचलून धरला.

आजही एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेला, प्रथम भाषा 125 गुणांची असते, बाकीच्या दोन शंभराच्या. ते 25 जादा गुण मला फार मोलाचे वाटतात.

मात्र पुस्तक वेगळंच राहिलं. वेंगुर्ला रस्त्याने शिनोळी गाठली की महाराष्ट्र. तिथल्या दहावीच्या दप्तरात कुमारभारती हे महाराष्ट्राचं मराठीचं पुस्तक, सीमेअलीकडच्या दप्तरात बेंगळुरूत तयार झालेलं मराठीचं पुस्तक. दोन मावसबहिणी सुट्टीत एकत्र अभ्यासाला बसल्या, तर एकीची कविता दुसरीच्या पुस्तकात सापडत नाही.