कणसावरची केशरी बुरशी आणि तिचं घड्याळ

पावसाळ्यात ठाण्याच्या उपवन तलावाकाठी भुट्टे भाजले जातात आणि दाणे खाऊन टाकलेली कणसं कोपऱ्यात साचतात. दोन-तीन दिवसांनी त्यांच्यावर कधी कधी केशरी, पिठासारखी बुरशी चढते. ती दिसली की मी थांबून बघतेच. बहुधा ती न्यूरोस्पोरा असते. होरपळलेल्या जागी उगवण्याचा तिचा स्वभावच आहे, तिचे सुप्त बीजाणू उष्णता लागल्यावर जागे होतात.

या बुरशीला वेळ कळते. पूर्ण अंधारात, लांब काचनळीत वाढवली तरी साधारण दर २२ तासांनी ती बीजाणूंचा एक केशरी पट्टा उमटवते. हे घड्याळ चालतं ‘एफआरक्यू’ या जनुकावर. त्याच्यावरून आरएनए, म्हणजे जनुकातल्या मजकुराची नक्कल, बनतो, आरएनएवरून प्रथिन, आणि पुरेसं प्रथिन साचलं की ते स्वतःच्याच जनुकाचं काम थांबवतं. प्रथिन झिजून संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

खरी गंमत पुढे आहे. डीएनएला दोन धागे असतात. याच जनुकाच्या समोरच्या धाग्यावरूनही, उलट दिशेने, एक आरएनए तयार होतो. त्याचं नावही उलटं, ‘क्यूआरएफ’. त्याच्यापासून घड्याळाचं प्रथिन बनत नाही. अंधारात एफआरक्यूचा आरएनए चढतो तेव्हा हा उतरतो, पण उजेड पडला की एफआरक्यूसोबत हाही वाढतो. २००३ साली संशोधकांनी त्याची उजेडात होणारी ही वाढ बंद पाडली. बुरशीचं घड्याळ मागे पडलं, आणि उजेडाने ते जुळवून घेण्याची रीतही पार बदलली. उजेडाला किती भुलायचं याचा लगाम या आरएनएकडे असावा, असा त्यांचा निष्कर्ष. असा लगाम हवाच. रात्री वीज चमकली म्हणून घड्याळाने सकाळ झाली असं धरून कसं चालेल?

२०१४ साली आणखी उलगडा झाला. दोन्ही धाग्यांवरून आरएनए बनवण्याचं काम एकमेकांना अडवतं, आणि क्यूआरएफ दाबला तर लयच हरवते.

प्रथिन बनवत नाही म्हणून अशा आरएनएला निरुपयोगी ठरवण्याची घाई मला कधीच पटली नाही. उंदराच्या मेंदूतल्या मुख्य घड्याळातही ‘एमआयआर-१३२’ नावाचा चिमुकला आरएनए आहे. तोही प्रथिन बनवत नाही, तोही उजेडाने वाढतो. २००७ साली तो दाबून पाहिला, तेव्हा त्याच उजेडाने उंदरांचं घड्याळ जास्त सरकलं.