डिस्टन्सचा एमबीए 'चालत नाही' असं कोण म्हणालं?

बेळगावच्या उद्यमबागेत सुपरवायझर असूदे नाहीतर निपाणीत दुकान सांभाळणारा, डिस्टन्सनं म्हणजे घरबसल्या एमबीए करतो म्हटलं की कोणीतरी सांगणारच, 'पोस्टानं आलेली डिग्री ती, नोकरीला धरत नाहीत.' हे साफ चूक आहे. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 2022 च्या सप्टेंबरात स्पष्ट सांगितलंय, मान्यताप्राप्त विद्यापीठाची डिस्टन्स किंवा ऑनलाइन डिग्री रेग्युलर डिग्रीच्या बरोबरीची.

मग ही समजूत आली कुठून? माझ्या मते आपल्याकडं त्याला एक खरं कारण आहे. म्हैसूरच्या कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाची मान्यता 2013-14 पासून काही वर्षं नव्हती, 2018-19 ला परत मिळाली, आणि मधल्या काळात ज्यांनी फी भरली त्या पोरांचे लई हाल झाले. पण गोष्ट मान्यतेची होती, डिस्टन्सची नव्हे!

म्हणून तपासायचं ते हेच. यूजीसीच्या डीईबी (डिस्टन्स शिक्षण बघणारा विभाग) पोर्टलवर जायचं, विद्यापीठाचं नाव, एमबीए हा कोर्स आणि तुमचं अ‍ॅडमिशनचं वर्ष, तिन्ही यादीत दिसतात का बघायचं, एजंट कितीही गोड बोलूदे.

आपल्या सीमाभागातल्यांनी अजून एक बघा. राज्याच्या मुक्त विद्यापीठाला डिस्टन्सची सेंटरं स्वतःच्या राज्याबाहेर काढता येत नाहीत, त्यामुळं नाशिकच्या यशवंतराव चव्हाण विद्यापीठाचं सेंटर बेळगावात आहे असं कोणी सांगितलं तर पैसे देऊ नका. इग्नू हे केंद्र सरकारचं मुक्त विद्यापीठ, त्याला ही अडचण नाही.